टाके घातलेलं पासबुक

मित्रांनो, मी एक जुनं पासबुक आहे. निळ्या पुठ्ठ्याचं कव्हर, आत मोजून वीस पानं, आणि त्यातलं पहिलं पान दोऱ्याने शिवलेलं. हो, दोऱ्यानेच. हसू नका. त्या दोऱ्यापायी मला कोर्टाची पायरी चढावी लागली. ज्या बँकेच्या पोटी मी जन्मलो, तिच्याच विरुद्ध मी साक्ष दिली. आजही ते आठवलं की मला धक्का बसतो.

छापखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझ्याबरोबर हजारो भावंडं होती. आमच्या पहिल्या पानाच्या पुढच्या बाजूला दहा नियम छापले होते. सातवा नियम असा होता: ‘या खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. शिल्लक कमी असल्यास कोणताही दंड आकारला जाणार नाही.’ त्याच पानाच्या मागच्या बाजूपासून नोंदींचे रकाने सुरू होत. नियम अंगावर घेऊन जन्माला आल्याचा मला कोण अभिमान होता! छापलं म्हणजे झालं, आता त्यात बदल नाही, असं मी समजत होतो.

मी ज्यांच्या हाती पडलो त्या काकू रफूकाम करायच्या. सगळे त्यांना रफूकाकू म्हणत. धुलाईच्या दुकानाला लागून त्यांची लांबट खोली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कोट, शाली, इस्त्रीने जळालेल्या विजारी. काकूंनी रफू केलं की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला सापडत नसे. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. सुईत दोरा ओवताना चार-चारदा नेम चुकायचा. डॉक्टरांनी एका डोळ्याच्या ऑपरेशनला दहा हजार सांगितले, आणि म्हणून काकूंनी माझं खातं उघडलं. रफूवालीचे डोळे गेले तर तिने खायचं काय?

दर महिन्याला तीनशे भरायचे, असा त्यांचा नेम होता. पैसे भरून आल्या की त्या एका हिरव्या रेशमी दोऱ्याला एक गाठ मारत. तो दोरा आणि मी बिस्किटांच्या डब्यात शेजारी शेजारी राहत असू. “छत्तीस गाठी झाल्या की डोळा,” असं त्या स्वतःशीच म्हणायच्या. त्यांचा हिशेब गाठींचा. माझ्यातले आकडे त्यांना धूसर दिसायचे, पण गाठी बोटांना बरोबर लागायच्या.

तिसऱ्या महिन्यात माझ्यावर पहिलं संकट आलं. बँकेच्या छपाईच्या मशीनमध्ये मी अडकलो, काउंटरवरच्या कारकुनाने खेचलं आणि माझं पहिलं पान मुळापासून फाटून बाहेर आलं.

“काकू, फाटलं. नवीन घ्या. दीडशे पडतील.”

“फाडलं कोणी?”

“मशीनने.”

“मग मशीनकडून घे की दीडशे!” रांगेतली माणसं खो खो हसली. “फाटलेलं रफू होतं, बाबा. माझा धंदाच तो आहे.”

घरी येऊन काकूंनी मला नऊ टाके घातले. मी फार आशेने वाट पाहत होतो, कारण त्यांची कारागिरी मी रोज बघत होतो. पण झालं भलतंच. टाके जाडेभरडे आले, एक वर तर एक खाली, आणि रकान्यांत चांगले बोटभर आत घुसले. परक्यांच्या कोटांना रेशमी हात आणि माझ्या वाट्याला हे! मला खरंच वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात कारकुनाने नाक मुरडलं, तरी मशीनमध्ये घातलंच. मशीनची अक्षरं त्या दोऱ्यावर चढून उमटली. सहाव्या महिन्यापासून तिथे एक नवीन ओळ यायला लागली. जमा तीनशे, आणि तिच्या खाली वजा अडीचशे. दर महिन्याला तेच. माझी पानं भराभर भरायला लागली आणि मी मूर्ख त्यातच खूश! काकू विचारायच्या, “भरतंय ना पुस्तक?” कारकून म्हणायचा, “भरतंय, काकू.” तो काही खोटं बोलत नव्हता.

छत्तिसावी गाठ पडली त्या आठवड्यात काकूंचे धाकटे दीर कोपरावर फाटलेला कोट घेऊन आले. ते छापखान्यात प्रूफं तपासायचे आणि नुकतेच निवृत्त झाले होते. काकूंनी मोठ्या कौतुकाने मला त्यांच्या हातात दिलं. “भावजी, पैसे काढायची स्लिप तेवढी भरून द्या. दहा हजार आठशे आहेत.”

भावजींनी मला उघडलं. लगेच त्यांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. पेन्सिलीशिवाय त्यांना वाचताच येत नसे.

“वहिनी, किती म्हणालात?”

“दहा हजार आठशे. गाठी मोजा हवं तर.”

“यात तीन हजार पन्नास आहेत.”

“चष्मा पुसा, भावजी,” काकू हसत म्हणाल्या.

भावजी हसले नाहीत. ते एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले आणि माझ्या अंगावर लाल खुणा करत गेले. किमान शिल्लक पाच हजार नसल्याबद्दल दंड, अडीचशे. एकतीस वेळा. दंडामुळे शिल्लक वाढत नव्हती आणि शिल्लक वाढत नव्हती म्हणून पुन्हा दंड बसत होता. मग त्यांनी पहिलं पान उलटलं आणि सातवा नियम वाचला. “अहो, पुढच्या बाजूला ‘दंड नाही’ आणि मागच्या बाजूला दंड! एकाच पानावर!”

मित्रांनो, मी सुन्न झालो. ज्या ओळींनी मी फुगत होतो, त्या काकूंचा डोळा खात होत्या, आणि ते सगळं माझ्याच अंगावर चाललं होतं. काकूंनी डब्यातून हिरवा दोरा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून गाठी मोजायला घेतल्या. छत्तीसच भरल्या. मग त्या रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून भावजींनी पत्रं लिहायला घेतली. पहिल्या पत्राला तीन आठवडे उत्तरच नाही. दुसऱ्याला छापील उत्तर आलं, ‘आपली आकारणी नियमानुसार योग्य आहे’, आणि खाली सहीसुद्धा नाही. भावजींनी त्या पत्रातल्या अकरा चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि तिसऱ्या पत्राबरोबर ते बँकेला परत पाठवलं.

“भावजी, आपण पैसे मागतोय की शिकवणी घेतोय?”

“दोन्ही, वहिनी.”

तिसऱ्या पत्रात पंधरा दिवसांची मुदत होती, नाहीतर कोर्ट. चौदाव्या दिवशी बँकेचे मॅनेजर स्वतः काकूंच्या खोलीत आले. निम्मे पैसे देतो, फक्त पुन्हा तक्रार करणार नाही अशी सही द्या, म्हणाले. काकूंचं त्या महिन्याचं भाडंही थकलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. काकूंनी टेबलावरचा कोट चाचपला आणि म्हणाल्या, “साहेब, भोक अर्धं बुजवलं तर त्याला रफू म्हणत नाहीत.”

असा मी लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात पोचलो. ते शाळेच्या वर्गाएवढं होतं. तिथे वकील लागत नाही, पण बँकेने आपला वकील पाठवला होता. त्याने मला दोन बोटांत उचलून धरलं आणि म्हणाला, “हे पुस्तक खाडाखोड केलेलं आहे. आणि पहिलं पान तर बाहेरून आणून शिवलेलं आहे. असा नियम आमच्या बँकेने कधी छापलेलाच नाही.”

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना! माझ्या जन्मदात्यांनी मला भर कोर्टात ओळख दाखवली नाही. माझी भावंडं तर बँकेने नवी पुस्तकं देऊन केव्हाच परत घेतली आणि रद्दीत घातली होती. साक्षीला आता कोणाला बोलवायचं?

न्यायाधीशबाईंनी भावजींना विचारलं, “या लाल खुणा कोणी केल्या?”

“मीच, मॅडम. सवय. चुकलंच.” भावजींचा चेहरा पडला. काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला. काकूंना समोरचं काही दिसत नव्हतं.

“आकडा एकही खोडलेला नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी खणातून भिंग काढलं आणि माझं पहिलं पान उजेडाकडे धरलं.

“वकीलसाहेब, इकडे या. हा दोरा. दोऱ्यावर काय दिसतंय?”

वकील वाकला. “शाई.”

“कोणाच्या मशीनची?”

वकील सरळ झाला आणि हातातले कागद चाळायला लागला.

“पान आधी शिवलं आणि त्यानंतर तुमच्या बँकेने त्याच्यावर याच खात्याचे पाच दंड छापले. अक्षरं टाक्यांवरून गेली आहेत. तेव्हा पान परकं वाटलं नाही का? बरं, नियम नंतर बदलला असेल, तर यांना कळवल्याचं पत्र दाखवा.”

पत्र नव्हतं. बाईंनी सात हजार सातशे पन्नास आणि कोर्टाचा खर्च महिन्याच्या आत परत करायचा हुकूम लिहायला घेतला. काकूंना लिहिण्याचा खरखराट तेवढा ऐकू येत होता.

“भावजी, काय झालं हो?” काकूंनी हळूच विचारलं.

“वहिनी, डोळा झाला.”

ऑपरेशननंतर काही दिवसांनी काकू खिडकीपाशी बसल्या आणि त्यांनी मला उघडलं. त्या मला पहिल्यांदाच नीट बघत होत्या. मी अंग चोरून घेतलं.

“अगं बाई! हे टाके मी घातले?” त्या किंचाळल्याच. “भावजी, बघा तरी! एवढे वेडेवाकडे? मला वाटलं होतं, दिसणारसुद्धा नाहीत. हे मी कोर्टात सगळ्यांना दाखवलं?” शरमेने त्या लाल झाल्या. त्यांनी कात्री उचलली. टाके उसवून पुन्हा घालायचे होते त्यांना.

भावजींनी त्यांचं मनगट धरलं. “वहिनी, तुमच्या नेहमीच्या हाताने शिवलं असतं ना, तर दोरा दिसला नसता. मग भिंगाखाली शाई तरी कशावर सापडली असती?”

काकूंनी कात्री खाली ठेवली. त्या टाक्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग बाहेरचा उजेड घेत, पहिल्या नियमापासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी मला सगळं वाचलं. मधेच भावजींनी चहा ठेवला, तो निवून गेला.

आता माझी पानं संपली आहेत. मी डब्यात असतो आणि शेजारी तो हिरवा दोरा. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी डब्यात माझ्यासारखं एखादं पासबुक पडलेलं असेल. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्याशेजारी बसा आणि ते मोठ्याने वाचून दाखवा. पुढची बाजू वाचून थांबू नका, पान उलटून बघा. आमची पाठ आम्हाला दिसत नाही.