रॉकेटचं गाऱ्हाणं

जामसंड्याच्या रॉकेट क्लबाचा नियम असा, की सारिकाने ‘सोडू?’ विचारायचं, सगळ्यांनी एका आवाजात ‘व्हय’ म्हणायचं आणि मगच युसूफभायने बटण दाबायचं. नियम उत्तम होता. आपल्याकडे माणसं ‘व्हय’ आणखी कधी म्हणतात, एवढाच विचार करायचा राहिला होता.

सारिका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. क्लब तिनेच काढला. युसूफभायने उभा जन्म ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी काढला, त्यामुळे त्याचे कान त्याच्याआधीच निवृत्त झाले. आणि हरिश्चंद्र हा त्याचा बालमित्र. गावात बोअर मारायची असो की मोबाईलचा टॉवर उभारायचा असो, हरिश्चंद्राने देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कामाला हात लागत नाही.

त्या सकाळी सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळावर, रॉकेट उभं राहिलं. पुठ्ठ्याचं, कमरेएवढं, पोटात दाबून भरलेला जळणाचा मसाला. गाऱ्हाणं लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडून घालायचं ठरलं होतं, म्हणून सारिकाने बटण चालू करणारी किल्ली आधीच लावून ठेवली. पण हरिश्चंद्र नारळ घेऊन थेट रॉकेटपाशी गेला.

“काका, खंय चललास?” सारिका ओरडली.

“देवाक लांबसून आरडान सांगतत काय गो?”

त्याने डोळे मिटले, रॉकेटवर ओणवा झाला आणि सुरू केलं, “बा देवा म्हाराजा! आज ही पोरां आभाळात बाण सोडतत. तेच्यात काय वायट-वाकडा येत असात, तर ता दूर कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

बटणापाशी खाली मान घालून बसलेल्या युसूफभायला त्यातला पहिलाच शब्द पोचला. त्याने बटण दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे बुडाशी ‘फुस्स’ झालं आणि धुराची एक बारीक रेघ वर आली. मसाला पेटला नव्हता, विझलाही नव्हता. तो आता पेटेल, मग पेटेल किंवा पेटणारही नाही. त्याच्यावर हरिश्चंद्राचा चेहरा होता, डोळे मिटलेला.

युसूफभायने वर पाहिलं आणि तो ओरडला, “हरी! पळ रे!”

हरिश्चंद्राने डोळे न उघडता हाताने गप्प बसण्याची खूण केली. गाऱ्हाण्यात कोणी मध्ये बोललं, की तो पहिल्यापासून सुरू करतो. त्याने पहिल्यापासून सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा...”

दोरीमागच्या लोकांची वाचा बसली. तो त्यांच्या ‘व्हय’साठी थांबला. ते आलं नाही, म्हणून त्याने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. त्याच्या धोतराचा सोगा धुरात हलत होता. जहिरा, युसूफभायची बायको, तोंडात पदर कोंबून उभी होती. युसूफभाय पुढे धावला, पण दोरीतच पाय अडकून पडला.

 अचानक सारिका छातीवर हात जोडून ओरडली, “बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराक उलट्या पावलांनी मागे घे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” इतक्या कळवळून देवळातही कोणी म्हटलं नसेल.

हरिश्चंद्र चपापला. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं. डोळे मिटूनच तो दोन पावलं मागे सरला आणि थांबला, पुढच्या वाक्याची वाट बघत.

“आजून मागे घे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्याची टाच कातळाला अडली. तो डुलला. नारळ सुटून गडगडला. धूर पिवळा झाला.

“बेगीन घे, रे म्हाराजा!” सारिकाचा आवाज फाटला.

“व्हय!” जहिराचा हुंदका सगळ्यांत वर होता.

तो भराभर मागे आला, आला, आणि दोरीतल्या युसूफभायवर पाठमोरा कोसळला. त्याच क्षणी सडा फाटल्यासारखा आवाज झाला. जाळाचा लोट हरिश्चंद्र मघाशी उभा होता तिथे आडवा फुटला आणि रॉकेट वाकडंतिकडं समुद्राकडे गेलं.

हरिश्चंद्राने डोळे उघडले. “बरा उडाला मां?”

युसूफभायने त्याचं धोतर दोन्ही मुठींत धरून ठेवलं होतं. “हरी, तू थंय असताना माज्याकडसून बटान दाबला गेला रे.”

हरिश्चंद्राने काळ्या पडलेल्या कातळाकडे पाहिलं. मग मित्राकडे. मग पुन्हा कातळाकडे. सगळ्यांची भीती उतरू लागली होती. त्याची आता कुठे चढत होती. 

“युसूफ,” तो हळूच म्हणाला, “सोडू नको हां.”

रॉकेट शोधायला कोणी गेलं नाही. दोघांना एकाच रिक्षात घालून खाली आणलं, कारण युसूफभायच्या मुठींतलं ते धोतर शेवटपर्यंत सुटलं नाही.