पत्त्यांचे नऊ मजले

पंचांनी सभागृहातले पंखे बंद करायला लावले, तशी आईने मुंगीच्या कानाशी वाकून शेवटचा सल्ला दिला.

"हे बघ, इथे खाली मशीन नाही. मध्ये मध्ये थांबायचं काही कारण नाही. एकदा बसलीस की भरभर लावत सुट."

मुंगीने मान डोलावली. ती सहसा वाद घालत नसे. तिने पत्त्यांचा डबा उचलला आणि आपल्या नंबरच्या टेबलाशी जाऊन बसली. पालकांना दोरीच्या अलीकडे खुर्च्या होत्या.

मुंगी अकरा वर्षांची. हे नाव तिला बाबाने दिले होते, कारण तिचे सगळेच मुंगीच्या पावलांनी चाले. एक घास दहा मिनिटे, एका वेणीला अर्धा तास. शाळेतल्या बाई दर परीक्षेनंतर तिच्या वहीत एकच वाक्य लिहीत: 'सगळे येते, पण पेपर अपुरा.' ते वाक्य वाचून वाचून आईच्या डोक्याचा भुगा झाला होता.

ही मंडळी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत. खाली बाबा छपाईचे मशीन चालवी, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून आई छापलेल्या कागदांच्या घड्या घाली. मशीन सुरू झाले की वरची लाकडी जमीन थरथरे आणि फळीवरचे पेले एकमेकांशी बोलू लागत. अशा घरात पत्त्यांचे बंगले बांधायचे खूळ मुंगीला लागावे, ही गंमतच. पहिले दोन महिने तिचा एकही बंगला दुसऱ्या मजल्यावर गेला नाही. मग तिने घोंगडी चार पदरी घालून त्यावर फळी ठेवली, आणि एक गोष्ट हेरली. कागदाचा गठ्ठा संपला की नवा भरायला बाबा मशीन थांबवतो. तेवढ्या वेळात पत्ते लावायचे. मशीन पुन्हा सुरू झाले की हात मांडीवर. असे करत करत ती नऊ मजल्यांपर्यंत पोचली होती.

बाबाने परस्पर स्पर्धेचा फॉर्म भरला, तेव्हा आईचा पारा चढला होता.

"अगं, लोकांची पोरं घरात फोडाफोडी करतात, आपली बांधते. बांधू दे की," बाबा म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका. तुमच्या लाडानेच ही अशी झालीय." मग आई मुंगीकडे वळली. "जा स्पर्धेला. पहिल्या पाचात आलीस तर पुढे खुशाल खेळ. नाही आलीस तर पत्ते माळ्यावर. परत नाव काढायचं नाही. कबूल?"

मुंगीने बराच वेळ विचार केला होता आणि मग म्हणाली होती, "कबूल."

घंटा झाली. वेळ दीड तासाचा. कितीही वेळा पडो, पुन्हा बांधायची मुभा होती. शेवटच्या घंटेला जेवढे मजले पूर्ण उभे असतील तेवढेच धरायचे. नवाच्या वर जायचे नाही, आणि ज्यांचे मजले सारखे त्यांचा क्रमांकही सारखा. तीसेक मुले माना खाली घालून कामाला लागली.

मुंगी खरेच भरभर लावू लागली. नऊ जोड्यांचा पाया झाला, दुसरा मजला झाला, तिसरा झाला. आईला आधी बरे वाटले. पण ते हात बघताना तिला कसेसेच होऊ लागले. लेकीचे हात तिने असे धावताना कधी पाहिले नव्हते. परक्याचे उसने आणल्यासारखे ते दिसत होते.

चौथ्या मजल्यावर मधली जोडी सरकली आणि सगळा डोलारा बसला. आवाज असा झालाच नाही. घड्याळात पंचवीस मिनिटे होऊन गेली होती.

शेजारच्या खुर्चीवर एक जाडगेले काका होते. त्यांचा पुतण्या दुसऱ्या रांगेत सहाव्या मजल्यावर पोचला होता. ते हळहळले. "हात थरथरतो वाटतं पोरीचा."

"हात नाही थरथरत तिचा," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने खालच्या आवाजात पुढचे सांगून टाकले. "मीच घाई करायला सांगितलं."

मुंगी रडली नाही. तिने पत्ते गोळा केले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. एक मिनिट गेले. दोन गेली.

"झोपली की काय," काका पुटपुटले.

मग तिने पहिली जोडी लावली. पाया पूर्ण झाला आणि हात पुन्हा मांडीवर गेले. ओठ मात्र हलत होते. ही काय देवाचे नाव घेते आहे की पाढे म्हणते आहे, आईला कळेना. तिने निरखून पाहिले, आणि तिचा स्वतःचा पाय त्या ओठांबरोबर जमिनीवर पडू लागला. खट-धप, खट-धप. बारा वर्षे याच ठेक्यावर तिने कागदांच्या घड्या घातल्या होत्या. मुंगीने मशीन बरोबर आणले होते. गठ्ठा संपेपर्यंत ती ते मनातल्या मनात चालवी, थांबवी, मजला लावी आणि पुन्हा चालू करी.

आणि त्या मधल्या वेळात ती रिकामी बसत नव्हती. तिची नजर एकेका पत्त्यावरून सरकत होती. कोणता जरा कलला आहे, कुठे भार जास्त झाला आहे, कुठून पुढे जायचे. आई आजवर मशीनजवळ खाली बसायची. वर लेक कशी थांबते हे तिने कधी पाहिलेच नव्हते. पेपर लिहितानाही ही अशीच बसत असेल, तिच्या मनात आले.

सहा मजले झाले. सात झाले. ज्यांचे नऊ पूर्ण झाले होते ती पाच मुले आपल्या जागा सोडून मुंगीच्या टेबलापासून चार हातांवर श्वास रोखून उभी राहिली होती. त्यांत काकांचा पुतण्याही होता. काका खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळले नाही.

आठवा मजला बसला. वर फक्त एक जोडी लावायची होती. आईने घड्याळाकडे पाहिले. एक मिनिटही उरले नव्हते. मुंगीचे हात मांडीवर होते आणि ओठ हलत होते. आईने पदराचे टोक मुठीत आवळले, पण हाक मारली नाही.

ओठ थांबले. मुंगीने दोन पत्ते उचलले, हात वर नेले, आणि घंटा झाली.

पत्ते माथ्यापासून चार बोटांवर होते. पंच त्या क्षणी मागच्या टेबलावर मोजत होते, मुंगीकडे त्यांची पाठ होती. मुंगीने पत्ते तसेच खाली आणले आणि टेबलावर पालथे ठेवले.

"आठ मजले. सहावा क्रमांक," पंचांनी नोंद केली. बंगल्याकडे ते जरा वेळ बघत राहिले. "थोडक्यात हुकलं, बाळ."

"बसली असती ती जोडी," मुंगी म्हणाली.

बक्षिसे झाली, फोटो झाले. मग मुलांनी आपापले बंगले फुंकर मारून, टेबलाला धक्का देऊन पाडले. पत्ते उडाले, हशा पिकला. मुंगी तेवढी वरून एकेक पत्ता उतरवत बसली. आई दोरी ओलांडून तिच्याजवळ गेली.

"माळ्यावर ठेवायचे ना?" मुंगीने विचारले. आवाजात तक्रार नव्हती. कबूल केले ते केले.

"माळ्यावर झुरळं झालीत," आई म्हणाली. "कुरतडून टाकतील."

"मग?"

"मग कपाटात ठेवू. खालच्या कप्प्यात. तुझा हात पोचेल असे."

मुंगीने यावरही विचार केला आणि पुढचा पत्ता उचलला.

सभागृह रिकामे झाले. शिपाई किल्ल्या घेऊन आला.

"ताई, आवरा आता. एक टिचकी मारली की झालं काम."

आईने खुर्ची ओढून घेतली, लेकीसमोर बसली आणि डबा उघडून मांडीवर धरला.

"पाच मजले राहिलेत, दादा," ती म्हणाली. "होऊ द्या तिचं."

शिपायाने त्या दोघींकडे पाहिले, बंगल्याकडे पाहिले. मग तो खिडक्या लावायला वळला, आणि पहिलीच खिडकी त्याने आवाज न होऊ देता ओढून घेतली.