हात मांडीखाली

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची परीक्षा आमचं मंडळ घेतं, आणि त्या मंडळात मी आणि माझे सासरे दोघंही आहोत. घरी एक आणि ऑफिसात दुसरं असं त्यांचं कधीच नसतं, दोन्हीकडे हट्टीच. प्रश्नपत्रिकेतला एडिटरचा भाग पहिल्यापासून त्यांचा. एडिटर म्हणजे काळ्या पडद्यावरचा, माउसला भीक न घालणारा तो जुना प्रोग्रॅम, ज्यात नवा माणूस शिरतो आणि मग बाहेर पडायची वाट शोधत बसतो. "कर्सर पुढच्या परिच्छेदावर न्यायला कोणतं बटण?" असले ढीगभर प्रश्न. त्यापायी गेल्या वर्षी चांगली कामाची माणसं आपटली.

मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं, तीन पुरेत. फाइल उघडता यावी, बदल करून सेव्ह करता यावी, आणि घोळ झालाच तर सेव्ह न करता निमूट बाहेर पडता यावं.

"सासऱ्यांना पटवा, मग बोलू," अध्यक्षबाई म्हणाल्या. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची.

रविवारी चहा झाल्यावर मी त्यांचीच जुनी प्रश्नपत्रिका काढली.

"बाबा, ओळीच्या शेवटापर्यंतचं खोडायला कोणतं बटण?"

"हे काय विचारणं झालं?" टेबलावर त्यांची बोटं नाचली, आणि मग उत्तर आलं.

"आता हात मांडीखाली घ्या."

"का म्हणून?"

"पेपर लिहिताना मुलांपुढे कीबोर्ड असतो का?"

त्यांनी हात मांडीखाली घेतले आणि आमचे महापंडित गप्प झाले. पुढचा प्रश्न विचारला, तरी गप्प. खांदे हलत होते, उत्तर येत नव्हतं. सगळी विद्या बोटांत, तोंडात काहीच नाही. नवरा हसू दाबायला आत पळाला. मीही हसले, आणि मग मला वाईट वाटलं, कारण ते हसत नव्हते.

"हे प्रश्न गेले, तर मला कोण काय विचारणार गं?" ते म्हणाले. मी प्रश्नपत्रिका मिटून ठेवली.

पुढच्या बैठकीत त्यांनी आपणहूनच विषय काढला. "सूनबाई म्हणते ते बरोबर आहे. तीनच ठेवा. पण कागदावर नको, कीबोर्डवर. आणि आधी मंडळातल्या कुणीतरी करून दाखवावं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत मशीनपुढे बसले. फाइल उघडली, बदलली, सेव्ह केली. तिसरा प्रश्न: फाइल मुद्दाम बिघडवा आणि सेव्ह न करता बाहेर या. झोकात बिघडवली आणि बाहेर आले. पण इतक्या वर्षांची सवय. निघता निघता बोटांनी सेव्हसुद्धा करून टाकलं. घोळ कायमचा झाला. प्रश्न माझे, आणि त्यात नापास मीच.

आता सासरे वचपा काढणार म्हणून मी मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि त्यांनाच विचारलं, "काय करायचं हिचं?"

"नापास करा," सासरे म्हणाले. "म्हणजे माझ्याकडे शिकवणी लावेल."

मी त्याच संध्याकाळी लावली.