अजानीच्या वेळची चार मिनिटं

मी एक जुनं साउंडकार्ड आहे, मित्रांनो. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, विगातीच्या संगणकात मला स्क्रूने आवळून बसवलंय. पेटी पत्र्याची. आत धूळ, उकाडा आणि पंख्याची घरघर. संगणकावर वाजणारं गाणं माझ्यातून जातं, आणि जाता जाता टिपूनही ठेवता येतं. बोलता मात्र येत नाही.

सुरुवातीला शेजारी कौतुकाने गाणी टिपून न्यायचे. मग मोबाइल आले आणि पेटीवर कपड्यांचे गठ्ठे चढले.

एका संध्याकाळी ते गठ्ठे उतरले. विगातीची आई गामेलानच्या वाद्यमेळात गायची. ती गेली, तेव्हा घरात तिचा आवाज कुठेच नव्हता. सोलो शहरातल्या एका हट्टी संग्राहकाकडे तिची एकच फीत होती. तो कुणाला प्रत देत नसे. इंटरनेटवरून वाजवायचा, तेही एक फीत एकदाच. त्या संध्याकाळी आईच्या फितीची पाळी होती.

"कांग, ते क्रुपुकचे पापड खाऊ नकोस! कुरकुर टिपली जाईल," विगाती थोरल्या भावावर, सर्जोनोवर, खेकसली. कांग म्हणजे दादा.

"अगं, माइक कुठाय? हे आतलं आतच टिपतं. ढोल बडवला तरी चालेल. ओरडतेस मात्र थेट आईसारखी!"

फीत सुरू झाली. आई माझ्यातून गाऊ लागली. दुसरं गाणं रंगात आलं आणि मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान सुरू झाली. गल्लीतल्या सगळ्या घरांत गाणी बंद झाली. विगातीचा हातही सवयीने माउसवर गेला. पडद्यावरची आवाजाची पट्टी तिने तळाशी ओढली.

स्पीकरची कळ फिरवली असती तर काही बिघडलं नसतं. पण ती पट्टी माझी होती. माझ्यात आता निव्वळ शांतता उतरत होती. टिपणं चालू असल्याचा लाल ठिपका लुकलुकत होता, दोघं मान खाली घालून बसली होती, आणि मला साधं खाकरताही येईना.

अजान संपली. पट्टी वर गेली. गाण्याची शेवटची ओळ तेवढी उरली होती.

नंतर त्यांनी ऐकलं, तेव्हा मधे चार मिनिटं काहीच नव्हतं.

"ढोलाचं सांगितलं, पट्टीचं सांगायला विसरलो गं," सर्जोनो पुटपुटला. "ती रिकामी जागा कापून टाकू?"

विगातीने माउस स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "हात लावू नकोस. अजान झाली की आई गाणं थांबवायचीच."

मित्रांनो, आवाज कमी करायचा तर स्पीकरचा करा. आणि आई समोर गात असेल तेव्हाच टिपून ठेवा. विगाती ती चार मिनिटं रोज पूर्ण ऐकते. तेवढा वेळ मीही या पेटीत श्वास रोखून बसतं.