जाळीतला उंदीर

सकाळी नऊला हीटर पेटला. आधी नुसती एक ज्योत, निळी, करंगळीच्या नखाएवढी. गॅसवाल्याने बटण आत दाबून धरलं होतं आणि तो 'थांब... थांब...' असं पुटपुटत होता, ज्योतीला की स्वतःच्या अंगठ्याला ते कळत नव्हतं. मग त्याने अंगठा उचलला, ज्योत राहिली, त्याने बटण फिरवलं आणि फस्स करून आग हीटरमधल्या शोभेच्या खोट्या लाकडांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेली.

"पेटला!" तो म्हणाला. "दाबून धरलेलं घाईने सोडायचं नाही, सोडलं तर विझते. आणि विझली तर लगेच काडी लावायची नाही. आधी साचलेला गॅस जाऊ द्यायचा. वहिनी, लक्ष आहे ना?"

लक्ष होतं. ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. पाइपच्या सांध्यांना त्याने साबणाचा फेस फासला तेव्हा एकही बुडबुडा फुगला नाही, हे तिने स्वतः वाकून पाहिलं होतं. धुराची कांडी पेटवून त्याने ती जुन्या फायरप्लेसच्या तोंडाशी धरली आणि धूर सरळ धुराड्यात वर ओढला गेला, तेही पाहिलं होतं. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, कॉक बंद करायचा, खिडक्या उघडायच्या. ज्वाळा निळी हवी, पिवळी पडली तर बंद. पडदा, शाल, वर्तमानपत्र, सगळं लांब. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. घरात तिची ख्यातीच होती तशी.

"आणि ही जाळी," गॅसवाला म्हणाला.

दाराशेजारी जमिनीलगत त्याने भिंतीला आरपार भोक पाडून पत्र्याची जाळी बसवली होती. तिच्यातून थंड हवेची एक पट्टी सरळ घोट्यांवर येत होती.

"थंडी घालवायला माणूस बोलावला," खुर्चीतून सासरे म्हणाले, "तर त्याने भिंतीलाच भोक पाडलं. उद्या डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलो तर तो काय करील कोण जाणे."

"आजोबा, हीटरही श्वास घेतो. त्याला हवा मिळाली नाही तर तो तुमची घेतो."

"आणि देतो काय परत?"

"देतो ना. वास नाही, रंग नाही. डोकं धरतं, झोप येते. गोड झोप. हवा बिघडली की ओरडणारी एक डबी असते, ती संपलीय माझ्याकडची, उद्या आणून लावतो. तोवर ही जाळी उघडी ठेवा म्हणजे झालं."

"माझ्या बायकोनं या घरातली एक फट उघडी ठेवली नव्हती," सासरे म्हणाले. ते हसले नाहीत.

खरं होतं ते. जुन्या चादरी फाडून, आत लोकरीच्या चिंध्या भरून, सासूबाईंनी प्रत्येक फटीच्या मापाचा बोळा शिवला होता. खिडक्यांचे लांब, दाराखालचे जाड, कडीच्या भोकाचा अगदी छोटा. शेवटचा टाका तोडायच्या आधी त्या लाल दोऱ्याचं शेपूट सोडायच्या, म्हणजे ओढून काढायला बरं. म्हणून घरात त्या बोळ्यांना 'उंदीर' म्हणत. थंडीची पहिली चाहूल लागली की 'उंदीर लावले का?' लग्न होऊन ती आली तेव्हा सकाळी उठून तिने खोली हवेशीर व्हावी म्हणून खिडकी उघडली होती, तिच्या आईच्या घरची सवय... आणि दोन उंदीर भप्पकन खाली पडले होते. सासूबाई ओरडल्या नाहीत. ते उचलून, झटकून, जागच्या जागी बसवत म्हणाल्या, "या घरात हवा बाहेर ठेवतात, बाळ." त्या गेल्यावर हे काम सासऱ्यांकडे आलं. उलथन्याच्या दांड्याने एकेक उंदीर फटीत दाबत ते घरभर फिरायचे, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

गॅसवाला गेला. तिने कपडे बदलले, सासऱ्यांचं जेवण झाकून ठेवलं, गोळ्या ठेवल्या, फोन त्यांच्या हाताशी सरकवला. दारात बूट चढवायला वाकली, नाडीची गाठ मारली, "येते, बाबा" म्हणाली. ते "ये" म्हणाले. तिने दार ओढून घेतलं.

इतकंच.

पण दुकानात पोचून कोट खुंटीला लावताना तिच्या डोळ्यांपुढे ते आलं. बुटाची नाडी, तिच्या बोटांच्या पलीकडे जाळी, जाळीच्या पट्ट्यांमागे काहीतरी करडं, मऊ... आणि बाहेर आलेला लाल दोरा.

आलं म्हणजे काय? आठवलं, की सुचलं?

चष्म्याचं दुकान. तिचं काम नजर तपासायचं. समोर एक गृहस्थ बसले होते, एक डोळा झाकलेला. "खालची ओळ वाचा," ती म्हणाली. त्यांनी खणखणीत आवाजात वाचली, पाचही अक्षरं चुकीची. हे रोजचं होतं. दिसत नाही असं माणसं म्हणत नाहीत, जे असावंसं वाटतं ते वाचतात. तिने काच बदलली. "आता? मघाशी बरं होतं की आता?"

"तसंच आहे."

तसंच असणार. तो दोरा खिडकीच्या उंदराचाही असू शकेल. खिडकी दाराच्या डाव्या हाताला, आपण वाकलेलो, डोकं खाली, नजर तिरकी. गॅसवाल्याने जाता जाता अंगठ्याने जाळी वाजवून दाखवली होती, तेव्हा ती मोकळी होती. त्यानंतर आपण आतल्या खोलीत गेलो. कपडे बदलायला कितीसा वेळ लागतो? पण उंदीर दाबायला तरी कितीसा लागतो, ज्या हाताला वर्षानुवर्षांची सवय आहे त्याला... आणि दांड्याचा ठकठक आवाज? तो आला होता का? आवाज आला होता असं वाटत होतं. पण आवाज त्या घरात रोजच येतात, त्यामुळे त्याला पुरावा म्हणता येत नव्हतं.

बरं, समजा दिसलं. मग बोलले का नाही? 'बाबा, ते काढा' — तीन शब्द. उलट मी गाठ मारली, आणि मला आठवतंय की ती गाठ मी दुहेरी मारली, सावकाश, आणि त्या वेळी माझ्या मनात नवऱ्याचा आवाज होता. परवाचा, परगावाहून केलेल्या फोनवरचा. तिकडे बढती देतायत, घर देतायत, तू आलीस तर बरं, पण... "बाबा आहेत तोवर..." असं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं होतं. मीही ते उचललं नव्हतं. दोघांनी मिळून ते तसंच जमिनीवर पडू दिलं होतं.

"बाई, ही काच मघाचीच आहे," गृहस्थ म्हणाले.

"हो. सॉरी."

ती घरी फोन लावायला मागच्या खोलीत गेली. रिंग वाजत राहिली. सासऱ्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, कितीदा तरी ते उचलत नाहीत. याने काहीच सिद्ध होत नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेजारणीला लावावा, किल्ली तिच्याकडे असते. पण शेजारणीला सांगायचं काय? 'जाळीत बघा, काही आहे का.' ती विचारणार, का गं, तू निघालीस तेव्हा पाहिलं नाहीस? आणि त्या प्रश्नाला... नंबर पडद्यावर होता. अंगठा त्याच्यावर धरलेला. तिने फोन उलटा ठेवला.

"काय झालं? तोंड का असं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. सासरे फोन उचलत नाहीत."

"झोपले असतील की! आज हीटर लावला ना? नव्या हीटरपुढे कोण मेलं जागं राहतंय!"

मालकीणबाई हसल्या. तीही हसली, आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलं. गोड झोप, असं गॅसवाला म्हणाला होता. गोड.

"मी घरी जाऊन येते," ती म्हणाली.

"जा, जा. तुझं काही कामात लक्ष लागणार नाहीये."

रस्त्यावर थंडी होती, फुटपाथच्या कडेला रात्रीचं दव अजून गोठलेलं. ती भराभर निघाली. पहिल्या वळणापर्यंत भराभर, मग लोक बघतील म्हणून जरा बेताने. बेताने चालताना विचार नीट होतो. म्हातारा माणूस सकाळी पेटलेल्या हीटरपुढे बसलाय. खोलीच्या सगळ्या फटी बुजवलेल्या. जाळी जर बुजवलेली असेल तर... धुराडं आहे की, धूर ओढत होतं चांगलं. पण ओढायला हवा कुठून येणार? हे तिला गॅसवाल्याने सांगितलं होतं. सांगितलेलं ती विसरत नसे. गेल्या थंडीत त्यांना खोकला झाला तेव्हा तिने रात्र रात्र त्यांची पाठ चोळली होती आणि ते म्हणाले होते, "सून नाहीस, आई आहेस माझी," आणि तिला ते शब्द अंगावर ओल्या कपड्यासारखे वाटले होते. आणि तरी ती त्यांची पाठ चोळत होती. दोन्ही खरं होतं. एकाने दुसरं खोडलं जात नव्हतं.

"तुमचा नंबर, ताई."

ती बेकरीच्या रांगेत उभी होती.

कधी उभी राहिली ते तिला सांगता आलं नसतं. पुढे दोन माणसं होती ती घेऊन गेली होती, म्हणजे ती त्यांच्यामागे उभी राहिली असणार, पाऊल पाऊल पुढे सरकली असणार. बेकरीवाला कागदी पिशवी उघडून वाट बघत होता. ती वळली आणि धावत सुटली. कोटाची बटणं उघडी, पर्स मांडीवर आपटतेय, आणि धावताना तोंडातून 'थांबा... थांबा...' असं येत होतं, कुणाला ते आता तिलाही माहीत नव्हतं.

किल्ली पहिल्या फटक्यात लागली नाही. दुसऱ्यांदा लागली.

खोलीत उष्ण, ओलसर हवा. खिडकीच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या. हीटर चालू होता, आणि लाकडांखालची ज्वाळा निळी होती म्हणावी तर टोकांना पिवळी, आळशी. सासरे खुर्चीत, हनुवटी छातीवर. तिने नाकातोंडाला कोटाची बाही लावली, कॉक बंद केला, खिडकी ढकलली तेव्हा दोन उंदीर खाली पडले. मग तिने जाळीकडे पाहिलं.

जाळी मोकळी होती.

मोकळी! तिला रडू की हसू कळेना. म्हणजे नव्हतंच काही, म्हणजे तो दोरा खिडकीचा... "बाबा! बाबा, उठा!"

त्यांनी डोळे उघडले. "कोण? तू होय. दुकान बंद झालं?"

"चला, बाहेर चला. उठा."

"अगं, थंडी..."

"चला म्हणते ना!"

तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्यांचे पाय लटपटत होते. जिन्याच्या पायरीवर, उघड्या हवेत बसवलं, स्वतःचा कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आत नेऊ नका, झोपू देऊ नका, रुग्णवाहिका पाठवतो. तिने पत्ता सांगितला, दोनदा, स्पष्ट.

"डोकं धरलंय जरा," सासरे म्हणाले. "म्हणून तर मग काढला मी तो उंदीर."

"कुठला?"

"जाळीतला. तू आत कपडे बदलत होतीस तेव्हा लावला. पायाला गार लागत होतं गं. मग डोकं भणभणायला लागलं, म्हटलं त्या माणसाचं ऐकावं." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. डोळे पाणावलेले होते, वाऱ्याने किंवा कशाने. "मला वाटलं तू रागावशील. पण तू वाकून बघितलंस, काही बोलली नाहीस. म्हटलं, तिला माहीत असतं सगळं. तिने बघितलं म्हणजे चालत असेल."

समोरच्या घराचं दार उघडलं, बंद झालं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला होता, नाडीसाठी, पण नाडी सापडत नव्हती, की सापडली होती आणि ती मोजत नव्हती.

मी बघितलं होतं. आता ते आठवणं नव्हतं, सुचणंही नव्हतं. ज्याला ते सांगायला हवं होतं, त्यानेच ते मला सांगितलं, आणि त्यात तक्रारीचा कणही नव्हता. हे मी कुठे ठेवू? नवऱ्याला फोन करताना आधी काय सांगायचं, हीटर की... आणि त्याने ते वाक्य पुन्हा सुरू केलं तर?

"झोपू नका, बाबा. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

ते विचार करत राहिले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते, थंडीनेही दिसतात. "आज इतक्या लवकर आलीस ती कशी?" त्यांनी विचारलं. "काही विसरलीस?"

रस्त्याच्या टोकाला अजून काहीच दिसत नव्हतं. तिने उत्तरासाठी तोंड उघडलं. सासरे वाट बघत होते, आणि जागे होते.