आगळ न लावलेला मासा

नदी-तळ्यातला मासा म्हणजे चिखल, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं माहेर मालवणचं, सासर वेंगुर्ल्याचं, आणि गेली कित्येक वर्षं शारजात, अल नहदाला, आमची मासळीची खानावळ आहे. सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी. गोड्या पाण्यातलं काही माझ्या चुलीवर कधी चढलं नाही आणि चढवायची मला हौसही नव्हती.

अशा घरात माझ्या सुजीतने बायको आणली ती भंडाऱ्याची. भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा. तिथली माणसं समुद्राच्या माशाला नाक मुरडतात, खारट लागतो म्हणे! पण पर्णिका गुणी पोर. माझ्या हातची पहिली सुरमई तिने डोळे मिटून गिळली आणि पुढे मुकाट्याने खात राहिली. मला वाटलं, सुधारली.

मग तिला दिवस गेले आणि घरात सुरमईचं नाव काढायची सोय राहिली नाही. मी आणि सुजीतचे बाबा खानावळीतून घरी आलो की आमच्या कपड्यांच्या वासाने ती बाथरूमकडे धावायची. चौथा महिना लागला तरी उलट्या थांबेनात. भात नको, वरण नको, फळं नकोत. गळ्याची हाडं वर आली पोरीच्या. गुरुवारी डॉक्टर अफशांनी तिला वजनकाट्यावर उभी केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आंटी, मंडे तक पेट में कुछ टिका नहीं, तो मैं ॲडमिट कर लूँगी. बच्चे का भी सोचना है."

गाडीत बसल्यावर मी पर्णिकाला म्हटलं, "खरं सांग. जगातलं काहीही माग. काय खावंसं वाटतं?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळूच म्हणाली, "तळ्यातला मासा. पण आई, राहू द्या. तुम्हाला तो आवडत नाही."

डोहाळे तिचे आणि आवड माझी, ही कुठली रीत? मी तशीच रोल्याच्या बाजाराकडे गाडी वळवली आणि बांगलादेशी दुकानातून रोहू आणला. कोकमाचं आगळ, मीठ, लिंबू चोळून चोळून त्याचा चिखलाचा वास पार घालवला. भंडाऱ्याला विहीणबाईंना फोन लावून त्यांची पद्धत विचारली. त्या म्हणाल्या, कांदा भाजून वाटा, खोबरं घालू नका आणि वरून भरपूर सांबार टाका. मला नवल वाटलं. पण म्हटलं, असेल त्यांच्याकडे तसं. मी तुरीची डाळ शिजवली, शेवग्याच्या शेंगा घातल्या आणि झक्कास सांबार करून त्या माशावर ओतलं.

पर्णिकाने ताटाकडे पाहिलं. आधी हसली, मग रडायलाच लागली.

"आई, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात."

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. इतक्या दिवसांत या पोरीने आपला एक शब्दसुद्धा माझ्या घरात मोठ्याने उच्चारला नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं. शुक्रवारी मी कतला आणला. तोही आगळ लावून लख्ख केला, वर मूठभर कोथिंबीर घातली. तिने एक घास घेतला आणि "कशाचीच चव लागत नाही," म्हणाली. तो घासही टिकला नाही.

त्याच संध्याकाळी आमचे व्याही अण्णासाहेब येऊन दाखल झाले. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून लेकीला बघायला एकटेच आले. जन्म गेला पाटबंधारे खात्यात, आणि सुट्टीचा दिवस गेला तलावाच्या काठी गळ टाकून बसण्यात. बॅग उघडली तर शर्टांपेक्षा गळ आणि दोऱ्याच जास्त.

"बर्फातला मासा तो, विहीणबाई," माझी सगळी खटपट ऐकून ते म्हणाले. "त्यात काय राहते? पर्णीला ताजा पाह्यजे."

"आणि वाळवंटात ताजा तळ्यातला मासा कोण देणार?" असं मी फणकाऱ्याने म्हटलं खरं, पण म्हणता म्हणताच मला नबिला आठवली. नबिला इथलीच, शाळेतून रिटायर झालेली, आमची जुनी गिऱ्हाईक. आत वाळवंटात, धैदला तिचा मोठा मजरा आहे, म्हणजे शेतीवाडी, आणि खजुरीच्या बागेला पाणी द्यायला बांधलेला भला थोरला तलाव आहे. शेवाळ खायला म्हणून त्यात तिने बुल्टी, म्हणजे आपल्याकडची चिलापी, हे मासे सोडलेत, हे तिनेच कधीतरी सांगितलं होतं. मी फोन लावला.

"आ जाओ हबीबती, जितना चाहिए ले जाओ! हम लोग तो खाते नहीं, मिट्टी लगती है," ती म्हणाली. चला, निदान एक तरी शहाणी बाई भेटली.

सुजीत आठवडाभर अबुधाबीला असतो, अल रीमला मित्राबरोबर राहतो, आणि या शनिवारीही त्याला काम होतं. तो फोनवर ओरडला, "आई, आर यू सीरियस? फॉर्टी फाइव्ह डिग्रीज आहे! आणि सोबत पर्णिकाच्या बाबांना नेतेयस?"

"सोमवारच्या आत तुझी बायको जेवली पाहिजे. खलास," म्हणून मी फोन ठेवला.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही धैदला पोचलो. ऑगस्ट संपत आला होता, पण जमिनीतून वाफा तशाच निघत होत्या. चारी बाजूंनी मातीचा बांध, आतल्या उतारावर काळं प्लास्टिक अंथरलेलं आणि मध्ये हिरवंगार पाणी.

"याला तलाव म्हणून राहिले तुम्ही?" अण्णासाहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले. "आमच्याकडे याला बोडी म्हणते."

"मासा काढा आधी, मग नावं ठेवा."

त्यांनी गळाला हळद घातलेली कणीक लावली. मी माझ्या गरीला कोळंबी लावली. यावरून वाद झाला. ते म्हणाले, चिलापी कणीकच खाते. मी म्हटलं, कोळंबीला नाही म्हणणारा मासा अजून जन्मायचाय. तिथल्या माशांनी दोघांनाही भीक घातली नाही. कणीक विरघळली, कोळंबी पांढरी पडली, सूर्य डोक्यावर चढायला लागला. अण्णासाहेबांचा शर्ट अंगाला चिकटला आणि चेहरा लालबुंद झाला.

"चला, विहीणबाई. या उन्हात मासा काही वर येऊन नाही राहिला. उद्या पाहू."

"उद्याही हेच ऊन आणि हेच पाणी. मी मासा घेतल्याशिवाय इथून हलणार नाही."

"काहून एवढ्या हट्टाला पेटल्या तुम्ही?"

"कारण ती तुमच्या घरची असली तरी आता उपाशी माझ्या घरात आहे!"

 मी त्यांना पंपाच्या खोलीच्या सावलीत बसवलं, ताकाची बाटली हातात दिली आणि पाण्याकडे गेले. हात घालून बघते तर अंघोळीला काढल्यासारखं गरम. माझ्या माहेरच्या खाडीत भर वैशाखात जिथे झऱ्याचं गार पाणी उतरतं तिथेच सगळी मासळी गोळा होते. मी आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या कोपऱ्यात बोअरवेलचा जाडजूड पाइप पाण्यावर तोंड काढून होता, पण कोरडा.

"व्याहीबुवा, त्या पाइपातून पाणी सोडलं तर?"

अण्णासाहेब ताडकन उठले. "बरोबर! वरून पाणी पडलं की त्यात हवा मिसळते. उन्हात माशाचा जीव तिथंच लागते. चाळीस वर्षं धरणाच्या सांडव्याखाली हेच पाहिलं, अन् आज मलाच नाही आठवलं!"

मी नबिलाला फोन केला. ती खो खो हसली. "मेरी मछली के लिए एसी?"

"हां, एसी. यल्ला, जल्दी!"

तिने मजऱ्यावर निरोप दिला आणि पंप घरघरला. पाण्याची जाड धार कोपऱ्यात कोसळायला लागली. आधी नुसता फेस. मग फेसाच्या कडेला एक काळी पाठ दिसली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता तिथे बाजार भरला.

तिथला उतार मात्र भलताच निसरडा. मी पंपाच्या खोलीतला एक दोर कमरेला बांधला, दुसरं टोक अण्णासाहेबांनी लोखंडी खांबाला गुंडाळून धरलं, आणि मी बसल्या बसल्या खाली सरकले. कुणी फोटो काढला असता तर खानावळीची अब्रू गेली असती. कोळंबीला अजूनही कुणी तोंड लावेना, तेव्हा मी मुकाट्याने त्यांची कणीक मागितली. हसले असणार ते, पण मी वर पाहिलंच नाही.

पहिला मासा कणीक खाऊन गेला. दुसऱ्याने दोरी तोडली. "तुझ्या तोंडार शिरा पडो!" मी ओरडले आणि नवी गरी बांधली. तिसऱ्याने ओढ दिली तशी मी दोरी मनगटाला गुंडाळली. दोरी कातडीत रुतली, पाय घसरले, वरून अण्णासाहेब ओरडत होते, "ढील द्या, ढील द्या!" मी तसूभरही दिली नाही. मासा प्लास्टिकवर आला, तडफडला, त्याचे काटे माझ्या तळहातात घुसले, तरी मी त्याला पोटाशी धरला आणि म्हटलं, "ओढा आता!"

दोन पंज्यांएवढा होता. त्यानंतर पंप बंद झाला आणि अण्णासाहेबांना चक्कर यायला लागली, म्हणून एकावरच आम्ही निघालो. गाडीत त्या माशाचा वास भरला. ओला, शेवाळी, मातकट. मी नाकाला पदर लावणार, इतक्यात अण्णासाहेबांनी आपली बाही हुंगली आणि म्हणाले, "पर्णी लहान होती, तेव्हा मी तलावावरून आलो की दारातच माझ्या शर्टात नाक खुपसायची. तिची आई कावायची, आधी कपडे बदला म्हणून. पण हिला तोच वास पाह्यजे."

मी पदर खाली सोडला आणि गाडी चालवत राहिले. दोन मासे मी घासून, धुऊन, आगळात बुडवून लख्ख केले होते. पोरीला जे हवं होतं तेवढंच नेमकं मी काढून फेकून दिलं होतं.

घरी आल्यावर मासा कापला. पर्णिकाच्या खोलीचं दार नेहमीसारखं बंद. माझा हात सवयीने फळीवरच्या आगळाच्या बाटलीकडे गेला. मालवणी बाईने मासा आगळाशिवाय शिजवायचा म्हणजे हात बांधून पोहण्यासारखं आहे. अण्णासाहेब दारातून बघत होते.

"लावता काय?"

"गप्प बसा," मी म्हटलं आणि बाटली उचलून वरच्या कप्प्यात, हात पोचणार नाही अशी आत ढकलली. मासा नुसत्या पाण्याने धुतला. कांदा भाजून वाटला, तिखट घातलं, खोबऱ्याकडे पाहिलंही नाही. रश्शाला उकळी आली आणि माझ्या स्वच्छ स्वयंपाकघरात तळ्याचा वास पसरला. मला मळमळलं. मी ढवळत राहिले.

दार उघडल्याचा आवाज आला. पर्णिका भिंतीला धरून उभी होती.

"बाबा, तलावावर गेला होतात?"

मी तिला बसवलं, भात वाढला, त्यावर रस्सा घातला आणि डोक्याकडचा तुकडा ठेवला. "सांबार टाकू वरून?" मी विचारलं, आणि ती चटकन माझ्याकडे बघून हसली. मी कोथिंबीर भुरभुरवली.

तिने पहिला घास घेतला. थांबली. 

"आई, चिखलाचा वास येतोय."

"येतोय ना गं?"

"येतोय," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग तिने माशाचं डोकं हातात धरून काटे चोखायला सुरुवात केली. अण्णासाहेब बाथरूमच्या दाराकडे टक लावून बसले होते. ती तिकडे गेली नाही. ताट पुसून झालं, बोटं चाटून झाली, तरी गेली नाही. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही.

"आणखी आहे?" तिने विचारलं.

पातेल्यात नुसता रस्सा उरला होता. अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काटे टोचलेल्या हाताने फोन उचलला आणि नबिलाचा नंबर लावला.

"हबीबती, कल सुबह मछली का एसी फिर से चालू करना."