दाजींसाठी खारट काहीतरी

पिशवी खाली आली तेव्हा तिच्यात मीच वर पाठवलेलं पाकीट होतं. एक पट्टी दातांनी अर्धवट तोडलेली, बाकीच्या जशाच्या तशा.

वॉकीटॉकी खरखरला. "मेव्हणे, ही चप्पल कुणाच्या पायातली?"

"सुकवलेलं मांस आहे ते, दाजी. भारीतलं. निव्वळ प्रोटीन."

"पाकिटाच्या मागं वाचलंत का? दुसऱ्या नंबरला साखर आहे."

"मांसात साखर कोण घालेल?"

"ज्यानं तुम्हाला गंडवलं तो."

"कामाचं बोला," मध्येच इंजिनिअर साहेबांचा आवाज आला. वॉकीटॉकीचं हे एक दुखणं. सगळ्या साइटचं एकच चॅनल, त्यामुळे आमच्या घरच्या गप्पा सिमेंटवाल्यालाही पाठ.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. टॉवर क्रेनच्या टोकाला काचेच्या खोक्यात बसतात. मी खाली उभा राहून त्यांना हातांनी खुणा करतो: उचला, फिरवा, थांबा, सोडा. मी हात हलवायचा आणि वर लोखंड हलायचं, असा आमचा संसार. केबिनबाहेर एक कप्पी बांधलीय. तिच्यावरच्या दोरीला पिशवी. शिडी चढता-उतरता जीव निघतो म्हणून जेवणखाण त्या पिशवीतून जातं. मी मधूनमधून डब्यात दगड पाठवायचो. एकदा रबराची पाल पाठवली.  दाजींनी माझी सायकल हुकाला अडकवून घेतली आणि दुपारभर आकाशात टांगून ठेवली. संध्याकाळी अलगद उतरवली, स्टँडवर. त्यांच्या हाताची सफाई तशीच होती. कितीही जड माल असो, हूक थांबला की थांबला, झोका म्हणून नाही.

मग कंपनीच्या तपासणीत साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि साफ सांगितलं, महिनाभरात साखर आटोक्यात आली नाही तर क्रेन बंद. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं. प्रोटीन असलेलं, खारट, वरून साखर न घातलेलं. "आणि हात थरथरले, घाम फुटला, बोलणं भरकटलं, तर मात्र ताबडतोब साखर द्यायची," असं ताईला आणि मला समोर बसवून बजावलं.

ताईने त्याच दिवशी गोड बिस्किटांचा डबा शेजारी देऊन टाकला. शेजारीण खूश. दाजी त्या रिकाम्या फळीकडे असे बघत होते, जणू घरातलं माणूस गेलं.

"उतरा की खाली," मी म्हटलं. "स्टोअरमध्ये बसा. पंख्याखाली."

"खाली येऊन करू काय? खाली सगळे बोलतात नुसते. वर गेलं की गप्प बसून काम करता येतं. दुसरं काही मला येत नाही रे." मला ते 'मेव्हणे, तुम्ही' म्हणतात ते चेष्टेने. 'रे' आला की समजायचं, माणूस खरं बोलतोय.

तेव्हापासून मी त्यांच्या खाण्याच्या मागे लागलो. दुकानात गेलो तो हेल्मेट आणि पिवळं जाकीट घालूनच. उगाच. फळीवरून एकेक पाकीट काढून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागलो. "मसाला शेंगदाणे, साखर. खारी बिस्किटं, साखर. डाएट चिवडा, साखर आणि वर ग्लुकोज सिरप."

दोन बायकांनी टोपलीतली पाकिटं गपचूप परत ठेवली. दुकानदार धावत आला.

"साहेब, तुम्ही कुठल्या खात्याचे?"

"उंचावरच्या," मी म्हटलं. खोटं कुठे होतं? "हे काय, पुढे लिहिलंय शुगर फ्री आणि मागे मध?"

"मध म्हणजे साखर नाही हो."

"मग काय, मीठ आहे?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का, मलाही आहे. मी घरून उकडलेलं अंडं आणतो."

दुसऱ्या दिवशी अंडी वर गेली. बंद केबिन, डोक्यावर ऊन आणि दोन उकडलेली अंडी. तासाभरात वॉकीटॉकीवर आवाज आला, "मेव्हणे, अंडी पोचली. आता दार उघडं ठेवून चालवतोय. खाली कुणाला वास आला तर कळवा." चीज पाठवलं तर ते वितळून दांड्यांना लागलं. लिव्हर बुळबुळीत झालेला क्रेनवाल्याला चालत नाही, तसा तो खालच्यांनाही परवडत नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं पंख्याने केबिनभर उडाली. खारे चणे आवडले, पण त्यावर पाणी लागलं, आणि पाणी प्यायलं की पुढचं आलंच. त्यासाठी एवढी शिडी उतरायची, परत चढायची. बाकीचे क्रेनवाले लघवीला वर एक बाटली ठेवतात, पण दाजी त्या बाबतीत नव्या नवरीसारखे.

म्हणजे एका हाताने खाता आलं पाहिजे. तेलकट नको, भुगा नको, वास नको, तहान नको. मी ताईसमोर ही गाऱ्हाणी मांडली.

"जावई शोधायलासुद्धा एवढ्या अटी नसतात," ताई म्हणाली आणि पीठ चाळायला घेतलं.

डाळीचं पीठ, अंडं, तीळ, मिरपूड, मीठ चिमूटभर. बोटाएवढ्या काड्या करून भट्टीत खडखडीत भाजल्या. पहिल्या खेपेला खिळे झाले. दुसऱ्या खेपेला मी चार खाल्ल्या आणि ताईने माझ्या हातावर चापटी मारली. तिथे कळलं की जमल्या.

दाजींनाही रुचल्या. दहाला दोन, चारला दोन. मी खाली काडी तोंडात धरून सिगारेट ओढल्याचं सोंग करायचो, ते वरून हुकाने माझ्या हेल्मेटवर अलगद टिचकी मारल्यासारखं करायचे. साहेब म्हणायचे, "दोघांनाही घरी पाठवीन." पाठवत कोणीच नव्हतं. दाजींचा पट्टा एक भोक आत गेला.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी सळ्यांचा भारा वर होता. खाली स्लॅबवर गवंडी काम करत होते. भारा त्यांच्या अंगावरून पुढे न्यायचा नसतो, तो वळसा घालून नेतात. दाजी वळसा घेत होते, आणि हूक झुलायला लागला. थोडासाच. दुसऱ्या कुणाला कळला नसता. पण तो हात मला माझ्या हातापेक्षा जास्त ओळखीचा. 

"दाजी," मी सहज आवाजात विचारलं, कारण चॅनलवर सगळे होते, "काड्या कशा झाल्यात आज?"

 दाजी म्हणाले, "कसल्या काड्या?"

मी दोन्ही हात आडवे पसरले. आहे तिथे थांबा. भारा थांबला, झुलत राहिला. तो शांत होईपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत. मग बोटाने दाखवत गेलो. मोकळ्या जागेकडे, हळू. खाली. अजून खाली. थांबा. सळ्या मातीवर टेकल्या. गवंडी आपले थापी मारत होते.

मी गेटकडे पळालो. महिनाभर ज्या साखरेच्या नावाने बोटं मोडली, तिच्यासाठी आता वॉचमनच्या हातातून सरबताची बाटली हिसकावली. "अहो, उष्टी आहे," तो ओरडला. पिशवीत टाकली आणि दोरी ओढायला लागलो. पिशवी वर जाऊन केबिनच्या दारापाशी लटकली. हात बाहेर येईना. मी दोरी हलवली. पुन्हा हलवली. शेवटी मी दोरी खुंटीला बांधून शिडीला हात घातला, तेव्हा एक बाही बाहेर आली, हवेत चाचपडली, आणि पिशवी आत गेली.

संध्याकाळी ते उतरले. खिशातून न खाल्लेल्या काड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"उद्याचा आकडा अजून उतरेल म्हणून खाल्लं नाही," म्हणाले. "परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं जागतात. मी उपाशी राहिलो."

"गोळी?"

"ती घेतली."

"झालं ते झालं, दाजी. कुणी पाहिलं नाही."

"खाली गवंडी होते."

"त्यांना कळलंसुद्धा नाही."

"म्हणून तर," दाजी म्हणाले.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी सही केली, साहेबांनी ऑफिसात बोलावून कागद दाखवला. "चला, सुटलात. वर्षभर बघायला नको."

"साहेब, त्या दिवशी सळ्यांचा भारा माझ्या हातात नव्हता," दाजी म्हणाले.

"मग कुणाच्या हातात होता?"

"ह्याच्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. थाप माझ्या जिभेवर कायम तयार असते, तेव्हाही होती. "वारा होता, साहेब," मी म्हटलं.

"वारा नव्हता," दाजी म्हणाले. मग सगळं सांगितलं. गोळी, काड्या, सरबत. वॉचमनची उष्टी बाटलीसुद्धा सोडली नाही. साहेब ऐकत होते. कागद त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला.

घरी ताईने ऐकलं आणि विचारलं, "मग काड्या करू का उद्या?"

"कर," दाजी म्हणाले. "स्टोअरमध्येही भूक लागते."

नवा ऑपरेटर सोमवारी आला. दाजी सकाळीच वर गेले होते, आपलं सामान आणायला. सामान म्हणजे काय, एक गादी, एक थर्मास. मी पिशवी दोन वेळा उतरवून रिकामी केली, तरी ते खाली येईनात. नवा ऑपरेटर हातमोजे घालून शिडीपाशी खोळंबला होता. "आवरलं नाही का त्यांचं अजून?"

मी वर पाहिलं. केबिनच्या काचेवर आतून एक फडकं फिरत होतं. समोरची काच झाली, बाजूच्या झाल्या. आता पायाखालची चालली होती, जिच्यातून ते मला बघायचे.

"काचा होऊ दे," मी म्हटलं.